कंपनीचा युनिफॉर्म पुढे रिसायकल व्हायला हवा असेल तर कात्री लावायच्या आधी काय ठरवायचं

परचेसवाल्यांचे फोन हल्ली एकाच साच्यातले येतात, "आम्हाला रिसायकलेबल युनिफॉर्म पाहिजे, रेट सांगा." मी विचारतो, जुने झालेले युनिफॉर्म कुठं पाठवणार आहात? की पलीकडे शांतता. मग हळूच, "ते बघू नंतर, आधी कापड कुठलं ते सांगा ना." आणि इथंच सगळं उलटं होतं.

आम्ही सोलापुरात शिवतो, बहुतेक माल इंजिनिअरिंग कारखान्यांना जातो, आणि ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. एका गिऱ्हाईकाला शंभर टक्के कॉटनचे शर्ट दिले, कॉटन आहे म्हणजे रिसायकल होणारच अशा थाटात. दोन वर्षांनी त्यातल्या तीन गोण्या पानिपतच्या रिसायकलरला पाठवल्या तर तिकडून फोन आला की टिच बटणं आहेत, पाठीवर रबर प्रिंट आहे, बाहीवर चमकणारी टेप आहे, कॉलरला फ्यूजिंग (कडकपणासाठी आत चिकटवलेलं कापड) आहे, हे सगळं कापून काढायला बाई लावली तर तिची मजुरीच कापडाच्या किमतीपेक्षा जास्त होते. शेवटी तो माल पुसायच्या चिंध्यांच्या भावात गेला. कापड कॉटन होतं, शर्ट नव्हता.

खाली जे लिहिलंय ते साध्या शॉप फ्लोअरच्या फुल शर्ट-पँटसाठी आहे, कॉटन ड्रिल किंवा ट्विल (तिरक्या विणीचं जाड कापड) धरून. क्रम बदलू नका, कारण पुढची प्रत्येक गोष्ट आधीच्यावर बसलेली आहे.

सुरू करायच्या आधी थांबा: आगीपासून वाचवणारे कपडे, अँटिस्टॅटिक, केमिकलसाठीचे किंवा सर्टिफिकेट असलेले हाय-व्हिज (लांबून उठून दिसणारे) कपडे असतील तर त्यात स्वतःच्या डोक्याने काही बदलू नका. तिथं दोरा किंवा टेप बदलली तरी सर्टिफिकेट लागू राहीलच असं नाही. रिसायकलिंग महत्त्वाचं आहे पण माणूस भाजणं त्याच्या पुढे काहीच नाही.

## १. आधी शेवटचा माणूस गाठा

म्हणजे जो जुना शर्ट हातात घेऊन कापणार, फाडणार आहे तो. आपल्याकडे जुन्या कपड्यांचं सगळ्यात मोठं काम पानिपतला चालतं. पद्धत साधारण अशी: माल रंगाप्रमाणे वेगळा करतात, बटणं-चेन कापून टाकतात, कापडाचे तुकडे करतात, मग दातेरी रोलरच्या मशीनमध्ये घालून त्याचा परत कापूस करतात आणि त्यातून जाडं सूत काढतात. परत रंगवत नाहीत, जुन्या कापडाचा जो रंग तोच नव्या सुताचा रंग. म्हणून रंग वेगळा करणं हे तिथं फार मोठं काम आहे.

दुसरा रस्ता केमिकलचा, कॉटन विरघळवून त्याचा पल्प करायचा किंवा पॉलिएस्टर तोडून परत पॉलिएस्टर बनवायचं. तो आपल्याकडे अजून सहज हाताशी नाही आणि मालाच्या शुद्धतेबद्दल ते लोक जास्त कडक असतात. (बाजारात "रिसायकल पॉलिएस्टर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक पाण्याच्या बाटल्यांपासून केलेलं असतं, जुन्या कपड्यांपासून नाही, तेव्हा नवीन युनिफॉर्म बाटलीच्या कापडाचा शिवला म्हणजे जुन्याची सोय लागली असं समजू नका.)

रिसायकलरला फोन करून हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा:

- कुठलं कापड घेता, आणि मिक्स किती टक्क्यांपर्यंत चालतं?
- रंग कुठले चालतात, दोन रंगांचा एक कपडा चालतो का?
- बटण-चेन तुम्ही काढणार की आम्ही काढून द्यायची?
- शिलाईचा दोरा पॉलिएस्टर असला तर अडतं का?
- कमीत कमी किती किलोचा लॉट घेता?

तपासा: बोलण्यावर जाऊ नका. आत्ता कंपनीत जे जुने युनिफॉर्म पडलेत त्यातले पाच-दहा किलो धुवून पाठवा आणि त्यातलं काय घेतलं, काय फेकलं ते विचारा. त्यांनी फेकलेल्या वस्तूंची यादी हीच तुमची डिझाइनची यादी.

## २. कापड एका जातीचं, एका रंगाचं

युनिफॉर्ममध्ये सगळ्यात जास्त चालतं ते पॉलिएस्टर-कॉटन, ६५/३५ किंवा ८०/२०. टिकतं, चुरगळत नाही, स्वस्त पडतं. पण एकाच सुतात दोन धागे पिळलेले असतात, ते मशीन वेगळे करू शकत नाही. फाडून जाडं सूत निघतं, नाही असं नाही, पण भाव पडतो आणि केमिकलच्या रस्त्यात फार थोडे लोक ते हातात घेतात.

त्यामुळे एकतर पूर्ण कॉटन घ्या नाहीतर पूर्ण पॉलिएस्टर. शॉप फ्लोअरला माझं मत कॉटन, कारण सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली पॉलिएस्टर घालून उभं राहून बघा, आणि वेल्डिंग-ग्राइंडिंगची ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. पॅकिंग, डिस्पॅच, टी-शर्टवाली पोरं असतील तिथं पूर्ण पॉलिएस्टर चालून जाईल.

पण कॉटनचा तोटा लपवणार नाही. रंग लवकर उतरतो, इस्त्री लागते, आणि पॉलिएस्टर-कॉटनपेक्षा लवकर झिजतं. जो शर्ट अडीच वर्षं चालायचा तो सव्वा वर्षात फाटायला लागला तर रिसायकल करून काय कमावलं? म्हणून हलकं कापड घेऊ नका, पँटला २४० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नका, शर्टला १८०-२००. आणि ऑर्डर द्यायच्या आधी तीन महिने दहा माणसांच्या अंगावर घालून बघा, त्यात निदान दोन जण तरी सगळ्यात घाणेरडं काम करणारे घ्या. एचआरचा माणूस घालून बघतो ती ट्रायल धरायची नाही.

लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, नकोच. "दोन टक्केच आहे" म्हणून कापडवाला गळ्यात मारतो, पण फाडताना तो रबरासारखा ताणतो आणि बोळे होतात. वाकताना मोकळं वाटायला हवं असेल तर पाठीला प्लेट द्या, जांघेत आणि काखेत तिकोन जोड द्या. आधीचे मास्तर लोक हेच करायचे, लायक्रा आल्यावर विसरले.

आणि रंग. मॅनेजमेंटला निळ्या शर्टवर केशरी खांदा पाहिजेच असतो. वाद घालून उपयोग नाही, त्यांना सांगा की वेगळा रंग फक्त कॉलर आणि पुढच्या बटणपट्टीला देतो. का, ते सहाव्या पायरीत कळेल.

तपासा, जाळून: तागा आल्यावर दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून जाळा. कॉटन कागदासारखं जळतं, वास कागदाचा, राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. मिक्स असेल तर राखेत कडक कण लागतात. उभा आणि आडवा दोन्हीकडचे धागे घ्या, एका बाजूला कॉटन आणि दुसरीकडे पॉलिएस्टर घातलेलं कापड मी स्वतः पकडलंय. आणि हे शिलाईच्या हॉलमध्ये करू नका, तिथं सगळीकडे कापसाची धूळ असते. बाहेर, स्टीलच्या ताटात, बाजूला पाणी घेऊन.

## ३. जे दिसत नाही ते कापड

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. बाहेरचं कापड कॉटन घेतात आणि पँटच्या खिशाची आतली पिशवी शिवणाऱ्याच्या कपाटात असेल त्या कापडाची लागते, ते बहुतेक पॉलिएस्टर मिक्स असतं. कंबरपट्टीच्या आतली पट्टी तशीच. खिशाचं कापड, पट्टी, आतलं पायपिंग, सगळं कॉटन असं स्पेसिफिकेशनमध्ये वेगळं लिहा.

फ्यूजिंग: कॉलर आणि कफला कडकपणा यायला गोंदाचे ठिपके असलेलं कापड गरम प्रेसने चिकटवतात. ते परत सुटत नाही. शॉप फ्लोअरच्या शर्टाला खरंतर त्याची गरजच नाही, त्याच कापडाचा एक थर आत शिवून घातला की पुरे होतं. पहिल्या धुण्यात थोडं मऊ पडतं, कामगारांची तक्रार येत नाही, तक्रार येते ती ऑफिसातून. अगदीच कडक कॉलर हवी असेल तर फ्यूजिंग फक्त कॉलरमध्ये ठेवा, कफमध्ये नको.

## ४. शिलाईचा दोरा

वाचून आलेले लोक लगेच म्हणतात दोरापण कॉटनच पाहिजे. जरा थांबा. एका फुल शर्टला साधारण १२०-१५० मीटर दोरा जातो, त्याचं वजन चार-पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या शर्टात दीड टक्का. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या वस्तू परत वापरात आणण्यावर काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने २०१९ मध्ये जीन्ससाठी जे नियम काढले त्यातही वजनाने निदान ९८ टक्के कॉटनसारखा धागा असावा असंच म्हटलंय, म्हणजे दोऱ्यापुरती जागा ठेवलेली आहे.

कॉटनचा दोरा त्याच जाडीच्या पॉलिएस्टरपेक्षा कमकुवत असतो. जांघेची शिवण उसवली तर माणूस तो युनिफॉर्म टाकूनच देतो. त्यामुळे माझा सल्ला, पहिल्या पायरीत रिसायकलर "पॉलिएस्टर दोरा चालतो" म्हणाला असेल तर तोच वापरा, उगाच शहाणपणा नको. पल्पवाल्याकडे जाणार असेल आणि त्याने नको म्हटलं असेल तर कॉटन दोरा घ्या पण जाड घ्या, आणि खिशाच्या कोपऱ्यांना, जांघेला दुहेरी शिवण.

बेल्जियमच्या रिसॉर्टेक्स नावाच्या कंपनीने उष्णतेने वितळणारा दोरा काढलाय, मोठ्या ओव्हनमध्ये कपडा घातला की शिवणी सुटतात. कल्पना झकास आहे पण तसा ओव्हन तुमच्या रिसायकलरकडे आहे का ते आधी विचारा, नाहीतर महाग दोरा वापरून शेवटी कात्रीच चालवायची.

## ५. बटण, चेन, लोगो

धातू: टिच बटण, रिव्हेट, हूक. फाडायच्या मशीनमध्ये धातू गेला की ठिणगी उडते आणि आजूबाजूला सगळा कापूस, पुढचं सांगायला नको. शर्टला धातू शून्य. पँटला एक हूक किंवा एक बटण आणि चेन, बास. काही जण मॅग्नेट फिरवून "धातू नाही" म्हणतात, पण पितळेचं टिच बटण मॅग्नेटला चिकटत नाही. हाताने चाचपा.

पॉलिएस्टर बटणाचा घोळ: पूर्ण पॉलिएस्टरचा युनिफॉर्म करणाऱ्यांनी हे नीट वाचा. बाजारात "पॉलिएस्टर बटण" म्हणून जे मिळतं ते कापडातलं पॉलिएस्टर नव्हे. ते एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही अशा रेझिनचं असतं. नाव एक, माल वेगळा. ते कापूनच काढावं लागतं.

इलॅस्टिक आणि वेल्क्रो: कमरेला इलॅस्टिकऐवजी बाजूला पट्टी आणि दोन बटणं, किंवा नाडी. कफला वेल्क्रोऐवजी बटण. वेल्क्रो तसाही सहा महिन्यात धूळ-दोरे भरून निकामी होतो.

चमकणारी टेप: जिथं नियमाने शर्टावरच हवी तिथं ठेवा. पण बऱ्याच ठिकाणी ती फक्त "छान दिसते" म्हणून असते. तिथं शर्ट साधा ठेवा आणि टेप असलेलं जॅकेट वरून घालायला द्या. शर्ट रोज धुतला जातो, जॅकेट कमी, त्यामुळे टेपही जास्त टिकते.

लोगो: आता मुख्य दुखणं. पाठीवर वीतभर रबर प्रिंट केला की तेवढं कापड गेलं, आणि पाठ हाच शर्टातला सगळ्यात मोठा अखंड तुकडा असतो. शिवाय लोगो असलेला जुना युनिफॉर्म बाहेर कुणी घालून कंपनीत घुसेल या भीतीने सिक्युरिटीवाले तो जाळायलाच सांगतात, मग रिसायकलिंगचा प्रश्नच मिटला.

उपाय, लोगो सुटा करा. त्याच कापडाच्या पट्टीवर नाव भरतकाम करून घ्या आणि ती पट्टी खिशावर साखळी टाक्याने लावा. सिमेंटची गोणी उघडताना योग्य टोक ओढलं की सगळी शिवण एका दमात सरसर सुटते, तोच टाका. टोक हाताने दोन टाके मारून पक्कं करा म्हणजे धुण्यात सुटणार नाही, काढताना ते टोक कापायचं आणि ओढायचं. स्टोअरमध्येच पट्ट्या काढून मोजून घ्या, सिक्युरिटीचं समाधान होतं.

सावधान: हा एकेरी साखळी टाका फक्त लोगोला. उत्साहात कुणीतरी बाजूच्या शिवणीला लावेल आणि लाइनवर माणसाचा शर्ट उसवेल.

## ६. पॅटर्न: नको ते सगळं एका पट्टीत

या पायरीवर वेळ द्या. कटिंग मास्तरच्या टेबलाशी बसून हे काम होतं, मेलवर होत नाही.

कल्पना साधी आहे. कापणाऱ्या बाईला कात्री किती वेळा चालवावी लागते ते मोजा. साध्या युनिफॉर्म शर्टात पुढे सात बटणं, दोन कफ, दोन खिशांच्या झाकणांना दोन, खांद्याच्या पट्ट्यांना दोन, कॉलरच्या टोकांना दोन. प्रत्येक ठिकाणी वेगळी कात्री. आता बदला: खांद्याच्या पट्ट्या काढून टाका (कोण लावतं तिथं काय?), खिशांना झाकण नको, आत पेनची घडी द्या, कॉलरची टोकं साधी. पुढची बटणपट्टी वेगळी जोडलेली घ्या, म्हणजे शिवणीच्या कडेने वरपासून खालपर्यंत एक सरळ कात्री मारली की सगळी बटणं आणि तिथूनच वळून कॉलर, फ्यूजिंगसकट बाहेर. मॅनेजमेंटचा केशरी रंगही याच पट्टीत होता, तोही गेला. उरलं ते सगळं एका रंगाचं निळं कॉटन. कफ दोन कात्र्यांत.

पँटला सगळं कंबरेत कोंबा: बटण, हूक, लेबल, साइजचं लेबल. कंबरपट्टीखालून एक आडवी कात्री, मग चेनच्या दोन्ही बाजूंनी दोन. पाय पूर्ण मोकळे मिळतात.

कमी तुकड्यांचा पॅटर्न बरा, पण गुडघ्याचा दुहेरी थर काढू नका. कपडा जास्त टिकणं आधी. थर त्याच कापडाचा असला की रिसायकलिंगला काही अडत नाही.

एक वाद इथं हमखास होतो, मास्तर म्हणतो वेगळ्या पट्टीमुळे शिलाईचं एक ऑपरेशन वाढतं. बरोबर आहे त्याचं, वाढतं. पण झाकणं आणि खांद्याच्या पट्ट्या गेल्यामुळे त्यापेक्षा जास्त ऑपरेशन्स कमी होतात. त्याला कागदावर मांडून दाखवा, तोंडी पटत नाही.

## ७. कटिंगची चिंधी वेगळी ठेवा

ही पायरी छोटी आहे पण फुकटात होते. कटिंगमध्ये साधारण १०-१५ टक्के कापड चिंधी म्हणून जातं, आणि हा माल सगळ्यात स्वच्छ, न वापरलेला, बटण नाही, घाम नाही. रात्री झाडून सगळ्या रंगांची एका गोणीत भरली की भाव गेला. प्रत्येक रंगाची गोणी वेगळी, वर मार्करने कापड आणि रंग लिहा, आणि ओव्हरलॉकखालची धूळ-दोरे त्यात टाकू नका.

## ८. सॅम्पल शिवलं की फाडून बघा

सगळे सॅम्पल अंगावर घालून बघतात, आरशासमोर फोटो काढतात. फाडून कुणी बघत नाही.

1. सॅम्पल आधी दहा वेळा धुवा, कंपनीत लाँड्री असेल तर तिथल्याच पद्धतीने. कॉटन आटतं, उंचीत तीन टक्क्यांपेक्षा जास्त आटलं तर कापडवाल्याला परत पाठवा.
2. शर्टाचं वजन करा.
3. ज्याने तो शिवला नाही अशा माणसाच्या हातात साधी कात्री द्या. काही सांगू नका. घड्याळ लावा.
4. स्वच्छ कापड एका बाजूला, बाकी कचरा दुसऱ्या बाजूला. दोन्हींचं वजन.

समजा शर्ट ३०० ग्रॅम आणि स्वच्छ कापड २५५ निघालं, म्हणजे ८५ टक्के. माझा स्वतःचा ठोकताळा असा की ८५ च्या खाली किंवा दोन मिनिटांच्या वर गेलं तर परत पाचव्या-सहाव्या पायरीवर जायचं. आमच्या पहिल्या सॅम्पलला सहा मिनिटं लागली होती, कारण बाई प्रत्येक बटण वेगळं कापत बसली, पट्टी एका कात्रीत निघते हे तिला दिसलंच नाही. तेव्हापासून आम्ही पट्टीच्या आतल्या बाजूला वेगळ्या रंगाची एक शिवण मारतो. बघितलं की कळतं इथून कापायचं.

## ९. लेबल आणि पीओ

लेबलवर टक्के लिहा, नुसतं "कॉटन" नाही. दोन वर्षं धुतल्यावरही वाचता आलं पाहिजे, म्हणून छापलेलं सॅटिन लेबल नको, विणलेलं घ्या आणि ते त्याच कापून टाकायच्या पट्टीच्या अगदी कडेला लावा, म्हणजे कापायच्या आधी वाचता येतं. शिवल्याचं वर्ष टाका.

पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये, "शंभर टक्के कॉटन शर्ट" इतकंच लिहिलं तर वर सांगितलेलं सगळं पाण्यात. खिशाचं कापड, दोरा, बटण, फ्यूजिंग, लोगोचा टाका, प्रत्येकाची वेगळी ओळ, आणि खाली एक वाक्य: विचारल्याशिवाय कुठलाही माल बदलायचा नाही. सॅम्पल पास होतं आणि बल्कमध्ये, म्हणजे मोठ्या ऑर्डरमध्ये, जॉब वर्कवाला (बाहेरून शिवून देणारा) स्टॉकमधलं संपवतो, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे, मी पण केलंय.

तपासा: बल्कमधून कुठलेही पाच नग उचला, एक पूर्ण फाडा, खिशाचं कापड आणि पट्ट्या जाळून बघा.

## १०. परत गोळा करणं

नवीन जोड देताना जुना जोड परत घ्यायचा, हा एकच नियम चालतो. "स्टोअरमध्ये डबा ठेवलाय, टाका" म्हटलं की डब्यात चहाचे कप येतात.

जुना माल धुतलेला आणि कोरडा असावा, ओला कपडा गोणीत दोन आठवड्यांत बुरशी धरतो. तेला-रंगाने माखलेले कपडे वेगळे काढा, ते चांगल्या मालात गेले तर पूर्ण लॉट नाकारला जातो, आणि तेलकट चिंध्या २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतात, त्या भंगारवाल्याला देऊ नका, कंपनीच्या सेफ्टीवाल्याला विचारून त्यांच्या ठरलेल्या रस्त्याने जाऊ द्या. घालण्यासारखे निघाले तर आधी दुरुस्त करून परत वापरा, ठिगळ त्याच कापडाचं. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरला पाच-सहा मीटर कापड जास्तीचं घेऊन स्टोअरमध्ये ठेवायचं.

मग लोगोच्या पट्ट्या ओढून काढा, मोजा, रंगाप्रमाणे गोण्या बांधा. गोणीवर कापड, रंग, वजन आणि शिवल्याचं वर्ष लिहा. पहिला लॉट गेला की रिसायकलरला फोन करून विचारा या वेळी काय फेकलं, आणि ते उत्तर पुढच्या पीओच्या फाइलला टाचून ठेवा.